फुर्तादोची वही, परकारांची वही

उद्या रात्री आठला रुवीत, दरबार हॉटेलच्या माडीवर, निवड आहे.
सहा संघ, खेळाडूंच्या चिठ्ठ्या बिर्याणीच्या पातेल्यात,
आणि माझ्या नावापुढे पहिल्यांदाच: मॅनेजर.
मी स्टोअरचा हिशेबनीस.
हॉकी खेळलो ती खडकीत, तीसुद्धा बाकावर बसून.

म्हणून दोन जुन्या वह्या काढल्यात.
फुर्तादोची निळी, तिरक्या अक्षराची.
परकारांची हिरवी; आकडे ताठ उभे,
नावं मात्र थकल्यासारखी आडवी.

इथे अजून भांडणं होतात, कोण मोठा.
फुर्तादोने कप आणला, माचय्या म्हणतो,
परकारांनी काय आणलं? डबे.

ब्याऐंशी साल. तेल चढं.
सिमेंट कंपनीचा चेक चार हजार रियालचा.
फुर्तादोने पहिल्याच फेरीत सेंटर हाफ उचलला,
लाहोरचा तारिक बेग,
खोली आणि विमानाचं तिकीट धरून अडीच हजाराला.
उरलेल्या सगळ्यांत मिळून पंधराशे.
तिघं तर दुसऱ्याच्या स्टिक मागून खेळले.
पण बेग मधे उभा राहिला
की मैदानाला त्याच्याकडे उतार यायचा, असं म्हणतात.
मैदान म्हणजे तरी काय,
चाळलेली खडी, वर जळकं तेल ओतून दाबलेली.
पडलात तर गुडघा महिनाभर काळा.

शहाऐंशी साल. तेल पडलं.
त्याच कंपनीचा चेक नऊशेचा, तोही पुढच्या तारखेचा.
परकारांनी खेळ पाहिलाच नाही, ड्युटी पाहिली.
पहिली पसंती: हरचरण, गोली. समासात शेरा,
"बरा आहे. पॅड स्वतःचे."
(पॅडची जोडी तेव्हा एकशे ऐंशीला.)
मग एक क्रेनवाला, शुक्रवार मोकळा म्हणून.
मग दोघे भाऊ, राहतात एका खोलीत, टॅक्सी एकच.
मग मत्रहचा बलुची पोरगा दर्वेश,
अनवाणी पळतो. शेरा: "बुटांचे वाचले."
एक जिंकले, दोन बरोबरीत, तीन गेले.

काल दुपारी मी भाग देऊन पाहिला.
फुर्तादोचा एक गोल पडला
दोनशे दहा रियाल पाचशे सव्वीस बैशांना.
परकारांचा एकशे साडेबाराला.
माचय्याला कागद दाखवला.
तो म्हणाला, कपात आकडे भरून काय करू, चहा भर.

आता सालं बदलून पाहतो.
फुर्तादोला नऊशे दिले असते तर
त्याने उसने काढून बेगच आणला असता.
परकारांना चार हजार मिळाले असते तर?
मला वाटतं, पॅडच्या तीन जोड्या घेऊन
कपाटात कुलूपबंद ठेवल्या असत्या,
पुढचं साल वाईट येणार म्हणून.
आणि ते आलंही असतं.

हिरव्या वहीत प्रत्येक सामन्याखाली एक ओळ आहे:
लिंबं, बर्फ, मीठ. १.२००
सहा सामने, सहा ओळी.
बेरीज मी तीनदा केली. ती धरली तर जमत नाही,
सोडली तर बैशापर्यंत जुळते.
निळ्या वहीत लिंबं कुठेच नाहीत.
एक पान फाडलेलं आहे,
शिवणीजवळच्या चिटोऱ्यावर एवढंच: "ला परत करणे".

माझ्याकडे तेराशे आहेत.
टर्फचं भाडं तासाला पस्तीस,
वीस तास सराव धरला तर सातशे तिथेच गेले.
यादीत सगळ्यात वर एक मुलगा, बावीस वर्षांचा,
मागतो साडेपाचशे. त्याचा व्हिडिओ मी अकरा वेळा पाहिला.
सगळ्यात खाली एक्केचाळीस वर्षांचा गोली,
निवडीच्या फॉर्मवर त्याने न विचारता लिहिलंय, पॅड आहेत.

एसीचं पाणी बादलीत टपकतंय.
मी यादी वरून वाचतो, मग खालून.
पेन्सिलला टोक काढतो.
आधी लिंबं लिहितो, दर सामन्याला दीड रियाल,
बेरजेत धरून.